डिंगरीची भावकी

त्या वर्षी कालिंदी माळवदे बियांच्या मेळाव्याला गेली, पण कुणाला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. पिशवीत काचेची एक बाटली होती आणि बाटलीत दोनशे बारा दाणे. ते तिने दोनदा मोजून घेतले होते. ते द्यायचे नव्हते, कुणाला तरी दाखवायचे होते.

मेळावा दरवर्षी अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी कराडजवळच्या एका शाळेत भरायचा. परसात, बांधावर, गच्चीवर जुन्या वाणांची भाजी जगवणारी दीडेकशे माणसं आपापल्या पुड्या घेऊन यायची आणि वर्गातल्या बाकांवर मांडायची. कुणाचं पांढरं कारलं, कुणाची काटेरी वांगी, कुणाचा हातभर लांब दोडका. आठ वर्षांपूर्वी बियांमधून पसरणाऱ्या एका विषाणूने राज्यातली टोमॅटो आणि मिरची झोपवली. तेव्हापासून टपालाने किंवा कुरियरने जाणारं प्रत्येक पाकीट किरणांच्या पेटीतून काढलं जायचं. विषाणू मरायचा, आणि पाकिटात बी असलं तर तेही मरायचं. तपासून घेतलेलं कंपनीचं बी तेवढं सुटायचं. घरचं बी दुसऱ्याला द्यायचं तर उठून त्याच्याकडे जावं लागे. त्यामुळे मेळाव्याची गर्दी वाढली होती. नियम एकच होता. बी समोरच्याच्या हातात द्यायचं, आणि देताना ते आपल्याकडे कुठून आलं ते सांगायचं.

कालिंदी एकसष्ट वर्षांची होती. ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून तिने रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर डोळा लावून बघायला काहीतरी हवं म्हणून ती भाजीकडे वळली. नऊ वर्षांपूर्वी हणमंतआप्पा ताट्यांनी याच शाळेत तिच्या ओंजळीत जांभळ्या डिंगरीचं बी घातलं होतं. मुळा उपटला नाही तर त्याला फुलं येतात, फुलांमागून शेंगा. त्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. आप्पांच्या वाणाचा मुळा काडीएवढा, खाण्याजोगा नाहीच. पण डिंगऱ्या वीतभर लांब, वांग्याच्या रंगाच्या, चावल्या की आधी गोड लागणाऱ्या आणि मग नाकात झणझणणाऱ्या.

"गुडघं गेलं माझं, आता तू सांभाळ," आप्पा तेव्हा म्हणाले होते. "माझ्याशिवाय हे बी कुणाकडं न्हाई. मी कुणाला दिलंच न्हाई."

गेली तीन वर्षं मात्र डिंगरी फुलत होती आणि भरत नव्हती. पांढरी-जांभळी फुलं भरभरून यायची, मधमाश्या दिवसभर घोंघावायच्या, आणि शेंग धरायची ती पिचकी, आत दाणा नसलेली. कालिंदीने खत बदललं, पाणी बदललं, मऊ कुंचल्याने या फुलाचे पराग त्या फुलाला लावून पाहिले. काही उपयोग झाला नाही. उरले ते दोनशे बारा दाणे, तेही तीन वर्षांपूर्वीचे.

त्या वर्षी सातवीच्या वर्गात एक यंत्र आलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. त्याच्यामागे ओवी शितोळे नावाची तिशीच्या आतली मुलगी बसली होती. ती कृषी संशोधन केंद्रात काम करायची. बियाचा कणभर कपचा यंत्रात टाकला की अर्ध्या तासात ते बियाच्या आतली सगळी लिपी वाचायचं, आणि राज्यभरच्या मेळाव्यांत वाचलेल्या बियांशी ताडून सांगायचं की हे बी कुणाचं कोण लागतं आणि किती पिढ्यांपासून वेगळं आहे.

रांग लांब होती. कालिंदीच्या पुढे मसूर गावचे एक गृहस्थ होते. पणजोबांपासून घरात असलेलं वांगं म्हणून ते दरवर्षी बी वाटायचे. यंत्राने सांगितलं की हे वांगं अठरा वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या एका नर्सरीच्या वाणातून निघालं आहे. आजूबाजूचे लोक हसायच्या बेतात होते. गृहस्थांनी पडद्याकडे जरा वेळ पाहिलं.

"म्हणजे अठरा वर्षं तरी आमच्या घरात आहे," ते म्हणाले आणि पुडी खिशात घालून निघून गेले. मग कुणी हसलं नाही.

कालिंदीने तीन दाणे दिले. अर्ध्या तासाने ओवीने तिला खुर्ची पुढे केली.

"ताई, बियासाठी किती झाडं ठेवता?"

"बारा-पंधरा. वाफाच तेवढा आहे."

"आणि तुम्हाला ज्यांनी दिलं, ते?"

"तेही तेवढीच ठेवायचे. शेवटी शेवटी सात-आठ."

ओवीने मान हलवली. "बी चांगलं आहे. रोग नाही. त्याला फक्त जोडीदार मिळत नाहीये."

तिने कागदावर फूल काढून दाखवलं. मुळ्याच्या फुलात पराग असतात आणि मध्ये ते झेलणारी कुक्षीही असते, पण फूल आपलेच पराग घेत नाही. प्रत्येक परागाच्या अंगावर एका प्रथिनाची खूण असते, आणि कुक्षी ती खूण तपासते. खूण परकी असली तर कुक्षी परागाला ओलावा देते, त्यातून नळी फुटते आणि बी धरतं. खूण आपल्याचसारखी निघाली तर ती परागाला ओलावाच देत नाही. पराग तिथेच सुकतो. मोठ्या रानात अशा वीस-पंचवीस खुणा नांदत असतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही. पण पिढ्यान् पिढ्या बारा झाडांवर बी धरलं तर खुणा एकेक करून गळत जातात.

"तुमच्या बाटलीत आता दोनच उरल्या असाव्यात," ओवी म्हणाली. "सगळी एका भावकीतली. म्हणून फुलं आहेत आणि शेंगा नाहीत."

कालिंदीला वाईट वाटायला हवं होतं. पण तीन वर्षं छळणाऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर इतकं नीटस होतं की ती त्या कागदाकडे बघतच राहिली. "पाणीसुद्धा देत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ओवीला घेऊन आप्पांकडे गेली. बी त्यांचं होतं, त्यांना कळायला हवं होतं. आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, मळ्यातल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे मुळ्यालाबी कळतं," ते म्हणाले. "भावकीत सोयरीक न्हाई करायची."

"कळतं ना," ओवी हसून म्हणाली. "आणि तो बाहेरचंच मागतो आप्पा. घरातलंच देत राहिलो तर कोरडा राहतो."

ओवीने दोन वाटा सांगितल्या. पहिली प्रयोगशाळेतली. खूण तपासणारं जनुक तिथे कायमचं बंद करता येत होतं. मग एकुलतं एक झाड लावलं तरी शेंगा भरल्या असत्या, दुसऱ्या कुणाची गरजच उरली नसती. दोन वर्षं लागली असती. दुसरी वाट म्हणजे याच वाणाची दुसरीकडे जगलेली, वेगळ्या खुणांची झाडं शोधायची आणि शेजारी लावायची.

"दुसरीकडं कुठं? मी कुणाला दिलं न्हाई," आप्पा म्हणाले.

"पण आहे. दोन वर्षांपूर्वी आजऱ्याच्या मेळाव्यात हेच वाण वाचलं गेलंय. नावही आहे. सारिका बारदेस्कर."

आप्पांचा हात बाजेच्या दोरीवर होता, तो तिथेच थांबला. मग ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि आतूनच म्हणाले, "ते बंद करायचं हाय ते करून टाक. एकट्यानं पोसलं जाऊ दे. आन् ते यंत्र माझ्या दारात परत आणू नका."

परत येताना कराडच्या स्टँडवर चहा घेताना ओवीने पिशवीतून एक कागद काढला.

"ताई, मला यातलं एक कोडं सुटत नाहीये. आप्पांनी ऐकूनच घेतलं नाही म्हणून तुम्हाला दाखवते."

ती म्हणाली, बी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना लिपीत तीन-चार अक्षरं चुकतात. त्या चुका मोजल्या की दोन बियांची ताटातूट केव्हा झाली ते कळतं. आजऱ्याचं बी आप्पांच्या बियापासून एकतीस वर्षांपूर्वी वेगळं झालं होतं. इथवर सरळ होतं. पण आजऱ्याच्या बियात मधेच आप्पांच्या बियाचे लांबलचक तुकडे जसेच्या तसे सापडत होते.

"आईची जुनी साडी फाडून गोधडीला लावली, असं समजा," ओवी म्हणाली. "दर पिढीला ती गोधडी उसवून पुन्हा शिवली जाते, आणि प्रत्येक वेळी तुकडे आणखी लहान होतात. एकतीस वर्षांत त्यांच्या चिंध्या व्हायला हव्या होत्या. हे तुकडे मोठे आहेत, म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी आप्पांच्या वाफ्यातलं बी पुन्हा एकदा आजऱ्याला गेलंय. ते जुनं साठवलेलंही नव्हतं. या तुकड्यांत अशा चुका आहेत, ज्या आप्पांच्या वाफ्यात सोळा-सतरा वर्षांपूर्वीच पहिल्यांदा झाल्या. एखादं वर्ष इकडेतिकडे."

"आप्पा तर म्हणतात कुणाला दिलं नाही."

"म्हणून तर कोडं आहे," ओवी म्हणाली.

कालिंदीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. प्रयोगशाळेचा अर्ज ओवीने भरायला दिला होता, तोही ठेवला. बी जगणं महत्त्वाचं होतं हे खरंच. पण आजऱ्याच्या गाडीत बसताना तिच्या मनात त्याहून जास्त, दुसऱ्यांदा तिकडे बी धाडलं कुणी हाच प्रश्न होता. रक्ताच्या काचेवर अनोळखी पेशी दिसली की ती पूर्वी जेवण विसरायची, तसंच झालं होतं.

आजऱ्यात काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. सारिका बारदेस्कर शाळेत शिक्षिका होती. घर बसकं, कौलारू, मागे उतारावर भाजीचं परस. ती चोपन्न-पंचावन्नची असावी, केसांत पांढऱ्या बटा, चष्मा. फोनवर 'कराडहून येतेय, डिंगरीबद्दल' एवढंच कालिंदीने सांगितलं होतं. सारिकाने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर डिंगऱ्यांचं लोणचं वाढलं. कालिंदीने एक डिंगरी चावली. आधी गोड लागली, मग नाकात झणका गेला.

"हीच आहे," ती म्हणाली.

"इथे हिला बारदेस्करांची डिंगरी म्हणतात," सारिका म्हणाली. "माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात मुळा लावला नाही, पण नाव त्याचं. तुमच्याकडे कुणाकडून आली?"

"हणमंतआप्पा ताट्यांकडून."

सारिकाने लोणच्याची बरणी झाकली. झाकण नीट बसलंय का ते दोनदा पाहिलं.

"ते माझे वडील," ती म्हणाली.

कालिंदी नऊ वर्षं आप्पांच्या घरी जात होती. त्यांना मुलगी आहे हे तिला माहीत नव्हतं. घरात आप्पांच्या बायकोचा एक फोटो होता, दुसरा कुणाचाही नव्हता.

सारिकाने सगळं थोडक्यात सांगितलं, पुष्कळदा मनात सांगून झालेलं असावं तसं. ती तेवीस वर्षांची असताना मार्टिन बारदेस्करशी तिने लग्न ठरवलं. जात वेगळी, धर्म वेगळा. आप्पा म्हणाले, या घराला मुलगी नव्हती असं मी समजेन. तसंच ते वागले. आई मात्र चार महिन्यांनी निपाणीच्या स्टँडवर येऊन भेटली. रुमालात डिंगरीचं मूठभर बी बांधून आणलं होतं. दुसरं काही आणायची सोय नव्हती, घरातून काही कमी झालं तर आप्पांना कळलं असतं. बी किती होतं ते कोण मोजतंय.

"आई आणखी दोनदा भेटली. मग गेली. एकोणीस वर्षं झाली. मला तेराव्यानंतर कळलं."

"आणि त्यानंतर?" कालिंदीने विचारलं. "आई गेल्यानंतर बी पुन्हा आलं का कधी?"

सारिकाने चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"आलं होतं?"

"बारा वर्षांपूर्वी. तेव्हा पार्सलवर किरण-बिरण नव्हते. कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरने आणून दिलं, नाव नाही, गाव नाही. राखेत घोळलेलं बी होतं. आदल्या पावसात आमचं परस वाहून गेलं होतं, माझ्याकडे थोडंच बी उरलं होतं. मला वाटलं इस्लामपूरच्या मामाने पाठवलं. आईने त्याच्याकडे ठेवलं असेल. मी मामाला फोन केला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, विषयच बदलला त्याने."

"परस वाहून गेल्याचं मामांना माहीत होतं?"

"त्यालाच सांगितलं होतं मी."

कालिंदीने पर्समधून कागद काढला आणि ताटाशेजारी पसरला. ओवीने सांगितलेलं तिने पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, शाळेतल्या बाईंना समजेल तसं. अक्षरांच्या चुका. गोधडीचे तुकडे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आप्पांच्या वाफ्यात पहिल्यांदा झालेल्या चुका, ज्या त्या पाकिटातल्या बियात होत्या.

"तुमची आई तेव्हा नव्हती," ती शेवटी म्हणाली. "मामांनी आईचं जुनं बी पाठवलं असतं तर त्यात या चुका नसत्या. हे बी तुमच्या आईच्या मागे तयार झालेलं आहे. आणि तेव्हा त्या वाफ्यात एकच माणूस काम करत होता."

सारिका उठून आत गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग नळ सुटल्याचा आला. कालिंदी कागदावर हात ठेवून बसून राहिली. आपण हे सांगायला हवं होतं की नाही, हा प्रश्न तिला आता पडला. काच वाचून अहवाल डॉक्टरांच्या हातात देणं हे तिचं काम होतं. तो अहवाल पेशंटला सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

सारिका बाहेर आली तेव्हा तिचा चष्मा हातात होता.

"त्यांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही. तुमचं नाव ऐकल्यावर ते आत निघून गेले. यंत्र परत दारात आणू नका म्हणाले."

सारिका अचानक हसली. "तसेच आहेत अजून," ती म्हणाली.

निघताना तिने माळ्यावरून मडकं काढलं आणि दोन मुठी बी कालिंदीच्या रुमालात घातलं. तिच्या झाडांच्याही शेंगा आता कमी भरत होत्या. मग कालिंदीनेही बाटलीतले शंभर दाणे मोजून तिच्या हातात दिले.

"त्यांना सांगू नका मला कळलंय ते," सारिका म्हणाली. "आपणहून विचारलं तर सांगा. नाहीतर नको."

कालिंदीने शब्द दिला. दिल्यावर तिच्या लक्षात आलं की हा शब्द यंत्र पाळणार नाही. पुढच्या वर्षी नव्या बियाचा कपचा त्या डब्यात पडला की वर्गातल्या पडद्यावर सगळी वंशावळ उमटणार, नावांसकट. तिने गाडीतूनच ओवीला फोन केला. कोडं सुटलं हे सांगितलं, कसं सुटलं तेही सांगितलं.

"मी बिया वाचतेय असं मला वाटत होतं," ओवी म्हणाली.

"बियाच वाचतेस. पण त्या कुणाच्या तरी हातातून आलेल्या असतात."

त्या महिन्यात ओवीने वरिष्ठांशी वाद घालून पडद्यावरची नावं काढायला लावली. नातं दिसेल, नाव दिसणार नाही. ज्याचं बी, त्याने परवानगी दिली तरच दिसेल. सगळ्यांना ते पटलं नाही. माहिती लपवणं म्हणजे विज्ञान नव्हे, असं एकाने लिहूनही पाठवलं. ओवीलाही ते पूर्ण चूक वाटत नव्हतं. पण तिला मसूरच्या त्या गृहस्थांचा चेहरा आठवत होता. त्यांच्या आधी शंभरेक जणांचं बी तिने वाचलं होतं, आणि वर मान करून कुणाकडे पाहिलं नव्हतं.

प्रयोगशाळेचा अर्ज कालिंदीने भरला नाही. आप्पांनी दोनदा विचारलं, "काय झालं त्या औषधाचं?" ती म्हणाली, "बघू." प्रयोगशाळेत काही वाईट होतं असं तिला वाटत नव्हतं. जनुक बंद केलं असतं तर डिंगरी जगली असती, कदाचित जास्त सुखाने. पण मग तिला आजऱ्याला जावं लागलं नसतं. पुढे कुणालाच कुठे जावं लागलं नसतं.

कार्तिकात तिने वाफा केला. एक ओळ आप्पांच्या बियाची, एक आजऱ्याची, पुन्हा एक आप्पांची. जुन्या दाण्यांतले निम्मेच उगवले. पौषात फुलं आली. आजऱ्याच्या ओळीतली फुलं किंचित गडद होती. माश्या या ओळीतून त्या ओळीत जात होत्या, आणि कालिंदी सकाळी स्टूल टाकून नुसती बघत बसायची. पाकळ्या गळाल्यावर तिने पहिली शेंग बोटांत धरून उन्हाकडे केली. आत सहा दाण्यांच्या सहा सावल्या दिसत होत्या. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग ओळीतल्या प्रत्येक झाडाची एकेक शेंग पाहून झाल्यावरच ती चहा करायला गेली.

माघात आप्पा रिक्षा करून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत ते वाफ्याच्या कडेने चालले, डिंगऱ्या चाचपल्या, मधल्या ओळीपाशी थांबले. एक फूल तोडून डोळ्यांजवळ नेलं. नजर अधू झाली होती, पण पन्नास वर्षं ते फूल पाहिलेला माणूस होता तो.

"हे आमच्याकडचं न्हाई."

"तुमच्याकडचंच आहे आप्पा. फिरून आलंय."

आप्पा स्टुलावर बसले. फूल तळहातावर होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते त्या फुलाकडे बघत राहिले.

"आजऱ्याला गेलीवतीस."

"हो."

"कशी हाय?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती वेळा तोंडात फिरवला असेल कोण जाणे. विचारला तेव्हा तो अगदी साधा बाहेर पडला, शेजारच्या गावच्या पावसाची चौकशी करावी तसा.

"बरी आहे," कालिंदी म्हणाली. "शाळेत शिकवते. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आहे. परस चांगलं ठेवलंय. डिंगरीचं लोणचं घालते." आणि मग तिने दिलेला शब्द पाळला, कारण त्यांनी आपणहून विचारलं होतं. "दुसरं पाकीट कुणी पाठवलं ते तिला माहीत आहे."

आप्पांनी मान वर केली नाही. "मेव्हण्यानं सांगितलं?"

"मामांनी अजून तोंड उघडलेलं नाही. बियानं सांगितलं."

"बियानं," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिचं परस वाहून गेलं म्हणाला. सगळं बी गेलं म्हणाला. तिच्या आईनं दिलेलं व्हतं ते. तेवढं एक तिच्यापाशी व्हतं." ते थांबले. "तुला कुणाला दिलं न्हाई म्हणालो, ते खोटं बोललो. दिलं म्हटलं असतं तर तू कुणाला म्हणून विचारलं असतंस."

कालिंदीने त्यांना चहा करून दिला. अर्धा कप झाल्यावर त्यांनी आजऱ्याची गाडी किती वाजता असते ते विचारलं.

फाल्गुनात, शेंगा वाळायच्या आधी, ती दोघं गेली. कालिंदीने सारिकाला फोन करून विचारलं होतं. पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं होतं, "येऊ दे." कोल्हापूरला गाडी बदलताना आप्पांनी खिडकीजवळची जागा मागून घेतली आणि गडहिंग्लज मागे पडेपर्यंत ते बाहेरच बघत राहिले. आपण काय बोलणार आहोत याची ते जुळवाजुळव करत असावेत असं कालिंदीला वाटलं. मधेच ओठ हलायचे.

सारिकाच्या घरापुढे रिक्षा थांबली तेव्हा ती दारातच उभी होती. मागे मार्टिन होता, तो आत सरकला. आप्पा रिक्षातून उतरले, काठी सावरली आणि अंगण ओलांडून दाराशी आले. तिथे तीन दगडी पायऱ्या होत्या, मधली झिजलेली. ते वर बघत होते, पायरीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

सारिका एक पायरी खाली आली.

"आप्पा, पायरी आहे," ती म्हणाली. "जपून."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.